आई निम्मे जेवते, तरी वजन का वाढते?

नेरुळला आमच्या इमारतीत आठवीत शिकणारा एक मुलगा राहतो. विज्ञानातली काही शंका आली, की तो वही घेऊन माझ्याकडे येतो. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी तो आला, तेव्हा त्याच्या हातात वही नव्हती आणि चेहराही उतरलेला होता. आठवड्यापूर्वी जेवताना त्याने आईला तिच्या वजनावरून चिडवले होते. आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने रात्रीचे जेवणच सोडले होते.

"काका," तो म्हणाला, "ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, असे तुम्हीच शिकवता ना? मग मी चार पोळ्या खातो आणि आई दोनच खाते. मी असा वाळका, आणि आईचे वजन मात्र दर वर्षी वाढते. हे त्या नियमात कसे बसते?"

प्रश्न मोठा नामी होता! नियम खोटा नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितले. पण नुसत्या नियमाने उत्तर मिळत नाही. बँकेत पैसे का साठले, तर जमेपेक्षा खर्च कमी झाला म्हणून. हे खरेच आहे. पण खर्च कमी का झाला, हिशेब कोण ठेवत होते आणि त्याची चूक कुठे झाली, हे त्यातून कळत नाही. शरीरातला हा हिशेबनीस कोण, आणि वय वाढल्यावर त्याचे काय बिघडते, ते आज आपण पाहू या.

दहाव्या हिश्शाच्या पोळीचा हिशेब

आधी थोडे गणित करू. कागद-पेन्सिल घ्या.

शरीरात एक किलो चरबी साठते, तेव्हा सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा शिल्लक पडलेली असते. समजा, एखाद्या माणसाचे वजन तिसाव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत दहा किलोने वाढले. म्हणजे वीस वर्षांत ७७,००० किलोकॅलरी शिल्लक पडल्या. वीस वर्षांचे दिवस ७,३००. आता भागाकार करा. रोजची शिल्लक येते फक्त साडेदहा किलोकॅलरी!

एका मध्यम पोळीतून साधारण शंभर किलोकॅलरी मिळतात. म्हणजे रोज पोळीचा जेमतेम दहावा हिस्सा, एक लहानसा तुकडा, खर्च न होता शरीरात राहिला. दिवसाच्या सुमारे दोन हजार किलोकॅलरींच्या व्यवहारात ही चूक अर्ध्या टक्क्याची आहे. खरा व्यवहार याहून किचकट असतो. वजन वाढले की ते वागवण्याचा खर्चही वाढतो. पण रोजची शिल्लक सरासरीने एवढीशीच असते.

आता मला सांगा, वीस वर्षे रोज अर्ध्या टक्क्याच्या आत हिशेब जुळवणे कोणाला जमेल? आपण ताटात किती भात वाढला, हेसुद्धा मोजत नाही. तरीही कितीतरी माणसांचे वजन वर्षानुवर्षे फारसे हलत नाही. याचा अर्थ हा हिशेब आपण ठेवत नाही, आपल्या नकळत शरीरच तो ठेवते. म्हणूनच "तिचा जिभेवर ताबा नाही" असे म्हणणे हे शास्त्रीय उत्तर नव्हे.

गच्चीवरची टाकी

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तशी तुमच्याकडेही असेल. टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी वर चढले की गोळा वर येतो, त्याच्या तारेतून खाली संदेश जातो आणि पंप बंद पडतो. पाणी उतरले की पंप पुन्हा चालू होतो. रखवालदाराला गच्चीवर जाऊन पाहावे लागत नाही.

शरीरात चरबी ही टाकी आहे आणि मेंदू हा पंपाचा खटका. टाकीत किती साठा आहे, हे मेंदूला कळवणारी तार म्हणजे रक्त. त्या रक्तातून वाहणारे रासायनिक संदेश म्हणजे संप्रेरके. इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग याने १९०५ साली त्यांना 'हॉर्मोन' हे नाव दिले. चालना देणे अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. आपला 'संप्रेरक' हा शब्दही प्रेरणा देणारा असेच सांगतो.

संप्रेरक रक्तातून सर्व शरीरभर फिरते, पण त्याचा निरोप सर्व पेशींना कळत नाही. ज्या पेशीजवळ त्या संप्रेरकाला बरोबर जुळणारा एक विशिष्ट रेणू असतो, तिलाच तो कळतो. या रेणूला 'ग्राही' म्हणतात. संप्रेरक ही चिठ्ठी मानली, तर ग्राही ही पत्रपेटी होय.

बेल वाजते, पाहुणा दाराबाहेरच!

इन्सुलिनचे उदाहरण घेऊ. जेवण झाले, की रक्तातील ग्लुकोज वाढते. मग पोटातले स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन स्नायूच्या पेशीपाशी येते. ते पेशीच्या आत जाऊन काही काम करत असेल, असे तुम्हाला वाटेल. पण तसे नाही! ते बाहेरच, पेशीच्या पातळ आवरणातील ग्राहीला चिकटते. ग्राहीचे दुसरे टोक पेशीच्या आत असते. त्याचा आकार किंचित बदलतो. त्यामुळे आतले एक प्रथिन जागे होते, ते दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. शाळेतल्या रिले शर्यतीत काठी हातोहात जाते ना, तसेच. शेवटी पेशीच्या पोटात दडवून ठेवलेली ग्लुकोजची 'दारे' पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत शिरते. हे सारे काही मिनिटांत घडते.

पाहुण्याने बेल वाजवावी आणि घरातल्या माणसांनी एकमेकांना हाका मारत दार उघडावे, तसा हा प्रकार आहे. यालाच 'पेशींचे संदेशवहन' म्हणतात. त्यात बिघाड दोन ठिकाणी होऊ शकतो. बेलच वाजली नाही, म्हणजे संप्रेरक कमी पडले. किंवा बेल वाजली, पण आतल्या माणसांनी हाक पुढे दिली नाही. हा दुसरा बिघाड लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतला खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तोच असतो.

दोन जाड उंदरांची गोष्ट

टाकीतला तरंगता गोळा कसा सापडला, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जन्मतःच अतिशय लठ्ठ होत जाणाऱ्या उंदरांच्या दोन जाती होत्या. दोन्ही दिसायला सारख्याच आणि दोन्ही अधाशी. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास एक प्रयोग केला. दोन उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडायचा, म्हणजे एकाच्या रक्तातील चिठ्ठी दुसऱ्यालाही मिळेल. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. दुसऱ्या जातीचा लठ्ठ उंदीर जोडला, तेव्हा उलटेच झाले. लठ्ठ उंदीर तसाच राहिला आणि साध्या उंदराने खाणे सोडले!

कोलमनने तर्क केला: पहिल्या जातीला चिठ्ठी लिहिताच येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या रक्तातून चिठ्ठी मिळताच तो सुधारतो. दुसऱ्या जातीकडे चिठ्ठ्या भरपूर आहेत, पण पत्रपेटीच नाही. म्हणून त्याच्या चिठ्ठ्यांच्या पुरात शेजारी उपाशी राहतो आणि तो स्वतः मात्र खातच सुटतो.

हा तर्क पुढे खरा ठरला. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चिठ्ठीचे जनुक शोधून काढले. चिठ्ठीला नाव मिळाले 'लेप्टिन'. ग्रीक भाषेत 'लेप्टोस' म्हणजे सडपातळ. आणि ही चिठ्ठी लिहिते कोण? चरबीच्या पेशी! चरबी म्हणजे नुसते कोठार, अशी तोवर समजूत होती. ते कोठार नसून संप्रेरके तयार करणारी एक मोठी ग्रंथीच आहे, हे त्यानंतर पक्के झाले.

मग लठ्ठ माणसांना लेप्टिन टोचले की काम झाले, असे अनेकांना वाटले. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट भरपूर असते. मेंदू ते वाचत नाही. टाकी भरली, गोळा वर आला, पण तारेने खटक्याला कळवलेच नाही, पंप चालूच!

वय वाढते तेव्हा

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. चाळिशीत असे काय होते?

'वय झाले, शरीराचा चयापचय मंदावला' असे आपण नेहमी ऐकतो. २०२१ साली अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन हे तपासले. आठवड्याच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सहा हजारांहून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाची मापे त्यांनी एकत्र केली. मोजण्याची युक्ती पाहा. माणसाला एक विशेष पाणी प्यायला देतात. त्यात जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असतो. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो. ऑक्सिजन पाण्याच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या, अशा दोन्ही रूपांनी. दोन्ही बाहेर पडण्याच्या वेगांतील फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला, म्हणजेच किती इंधन जळले, हे कळते. माणूस आपला नेहमीसारखा घरी, शेतात, कामावर!

निष्कर्ष अनपेक्षित होता. शरीराचा आकार आणि चरबी सोडून उरणारे वजन हिशेबात घेतले, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर असतो. साठीनंतर तो दर वर्षी सुमारे ०.७ टक्क्याने घटतो. म्हणजे चाळिशीत पेशींची भट्टी विझत नाही. मग बिघाड कुठे?

पहिला बदल स्नायूंत. तिशीनंतर, विशेषतः बैठे काम असेल तर, स्नायू हळूहळू घटू लागतात. जेवणानंतरच्या ग्लुकोजचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायूच. गिऱ्हाईक कमी झाले, शिवाय त्याच्या पेशींतील रिले शर्यतही ढिली पडली, की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. याला 'इन्सुलिन-रोध' म्हणतात. स्नायू बहिरे झाले, तरी चरबीच्या पेशी इन्सुलिनचा "साठवून ठेवा" हा हुकूम बराच काळ ऐकत राहतात. वर पोटातील चरबी वाढली, की तिच्यातून दाह निर्माण करणारी द्रव्ये निघतात आणि तीही रिले शर्यतीत आडवी येतात. असे हे दुष्टचक्र आहे.

दुसरा बदल चरबीच्या पेशींत. तो कसा कळला, हे सांगताना माझ्यासारख्या भौतिकशास्त्राच्या मास्तराला विशेष आनंद होतो. १९५० नंतरच्या काळात अणुबाँबच्या उघड्या चाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता. १९६३ च्या करारानंतर हवेतील चाचण्या आटोक्यात आल्या आणि तो प्रतिवर्षी कमी होत गेला. वनस्पती हवेतून कार्बन घेतात, आपण वनस्पती खातो. त्यामुळे शरीरात साठलेल्या चरबीवर ती कोणत्या वर्षी साठली, याचा जणू शिक्काच बसतो! स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा शिक्का वाचला. त्यांना दिसले, की मोठ्या माणसाच्या शरीरातील चरबीच्या पेशींची संख्या फारशी बदलत नाही. दर वर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. पुढे त्यांनी ५४ माणसांना सरासरी तेरा वर्षे तपासले आणि २०१९ साली जाहीर केले, की वय वाढते तसा पेशींतून चरबी बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. वजन वाढलेल्यांत आणि घटलेल्यांतही! ज्यांनी त्या मानाने खाणे कमी केले नाही, त्यांचे वजन सरासरी वीस टक्क्यांनी वाढले. टाकीचा खालचा नळच बारीक झाला, असे समजा.

तिसरा बदल मेंदूत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस हा लहानसा भाग आहे. पंपाचा खटका तोच. तेथील काही पेशींना केसासारखा एक सूक्ष्म तंतू असतो. त्यावर 'आता पुरे' हा संदेश घेणारे ग्राही बसलेले असतात. रेडिओची एरियल म्हणा ना! २०२४ साली जपानमधील नागोया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांत पाहिले, की वय वाढते तसे हे तंतू आखूड होत जातात. चरबीयुक्त आहार दिला, तर लवकर आखूड होतात. खाणे मर्यादित ठेवले, तर ते आखूड होणे रोखले जाते. माणसातही असेच घडते का, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. पण दिशा स्पष्ट आहे. एरियल लहान झाली, की केंद्र कितीही जोरात बोलले तरी आवाज क्षीणच येणार.

चौथा बदल स्त्री-पुरुषांच्या संप्रेरकांत. पंचेचाळीस ते पन्नाशीच्या सुमारास स्त्रियांची मासिक पाळी थांबते आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम खाली येते. तोवर चरबी मुख्यतः कंबरेखाली, मांड्यांत साठत असते. इस्ट्रोजेन घटले की ती पोटात साठू लागते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन सावकाश, वर्षानुवर्षे उतरते आणि स्नायूंचा आधार जातो. वाढीचे संप्रेरकही दोघांत कमी होते. आठवीतल्या मुलात मात्र ते जोरात असते. त्याच्या चार पोळ्यांतून हाडे आणि स्नायू बांधले जात असतात, उरलेली ऊर्जा क्रिकेटच्या मैदानात जाते. म्हणून तो वाळका!

पुण्याचे डॉक्टर आणि लंडनचे डॉक्टर

येथवरची गोष्ट जगातील सर्व माणसांची झाली. आपल्या लोकांच्या बाबतीत तिच्यात आणखी एक गाठ आहे, आणि ती सोडवण्याचे मोठे काम आपल्या पुण्यात झाले आहे.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. वजनाला उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक येतो, तो दोघांचाही २२.३ होता. म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच, आणि दोघेही सडपातळ.

मग दोघांची क्ष-किरण तपासणी झाली. यात दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून पाठवतात. हाडे, स्नायू आणि चरबी ते कमी-अधिक प्रमाणात शोषतात. त्यावरून शरीरात काय किती आहे, ते काढता येते. डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के. डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दुपटीहून जास्त! युडकिन मॅरेथॉन धावणारे होते. आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत जाऊन ते गाठणे, असे डॉ. याज्ञिकांनी गमतीने सांगितले होते. पण त्याचबरोबर स्वतःचे जन्माच्या वेळचे वजन कमी होते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते.

जन्माचे वजन आणि चाळिशीतले पोट यांचा काय संबंध? त्यासाठी पुण्याजवळच्या खेड्यांत जावे लागेल.

तान्ह्या बाळाच्या पाठीवरची चरबी

१९९३ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर मातांचा आहार, त्यांचे शेतातले कष्ट आणि मग जन्मलेली बाळे, अशा सर्वांची काळजीपूर्वक मापे घेतली. बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांशी केली. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो; तिकडच्या बाळांचे ३.५ किलो.

पण सर्वच अवयव सारख्या प्रमाणात लहान नव्हते. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते. खांद्याच्या पाठीमागे चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र जवळजवळ राखलेली होती! बाळ हडकुळे, पण आतून मेदयुक्त. लंडनमधील बाळांशी केलेल्या तुलनेत नाळेचे रक्तही तपासले. वजनाचा फरक हिशेबात घेतला, तर पुण्याच्या बाळांत इन्सुलिन आणि लेप्टिन दोन्ही जास्त होती. हा अहवाल २००२ सालचा.

याचा अर्थ असा लावतात: पोटात असताना पोषण अपुरे मिळाले, तर गर्भ काटकसर करतो. मेंदू सांभाळतो, चरबीचा थोडा साठा राखतो आणि कपात करतो ती स्नायूंत. दुष्काळात ही काटकसर उपयोगी पडेल. पण तेच बाळ मोठे होऊन शहरात आले, खुर्चीत बसून काम करू लागले आणि पोटभर जेवू लागले, की तीच काटकसर अंगाशी येते. इतरांत जे पन्नाशीनंतर होते, ते आपल्याकडे दहा वर्षे आधीच दार ठोठावते. म्हणून भारतीयांसाठी धोक्याच्या खुणाही खालच्या ठेवल्या आहेत. मघाचा तो अंक २३ च्या पुढे गेला, की वजन जास्त समजतात. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, असे सांगतात.

या गावांतील अभ्यास तेथेच थांबला नाही. आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फॉलेट जास्त असेल, तर सहा वर्षांच्या मुलांत चरबी आणि इन्सुलिन-रोध अधिक दिसला. मग २०१२ साली, ती बाळे मोठी होऊन सतरा-अठरा वर्षांची झाल्यावर, त्याच मुला-मुलींना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. विचार असा, की पुढच्या पिढीची काळजी तिच्या आईबापांच्या तरुणपणीच घ्यायला हवी. म्हणजे हा विषय केवळ आई-बाबांच्या वयाचा नाही, तो तुमचाही आहे.

मागचे दार

एवढे ऐकल्यावर तो मुलगा म्हणाला, "म्हणजे आईचा काही दोषच नाही. पण मग इलाजही नाही का?"

इलाज आहे, आणि तो पेशीतच दडला आहे. ग्लुकोजची दारे इन्सुलिनच्या बेलने उघडतात, हे आपण पाहिले. पण स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा तीच दारे इन्सुलिनवाचूनही उघडतात! बेल बिघडली तरी मागचे दार चालू असते. चालताना, जिना चढताना, बादली उचलताना हेच होते. वजन उचलण्याच्या कामाने स्नायू टिकतात, म्हणजे गिऱ्हाईकही टिकते. आणि हे पंचाहत्तरीतही लागू पडते.

उलट एकदम जेवण सोडले तर काय होते? डाळ, उसळ, दूध यांतील प्रथिने कमी पडतात आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. लेप्टिन झपाट्याने उतरते, मेंदू दुष्काळ पडला असे समजतो, भूक वाढवतो आणि खर्च आखडतो. म्हणून रात्रीचे जेवण सोडून बसलेल्या आईचे नुकसानच होत होते.

सिडकोच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींतून बहुतेक ठिकाणी लिफ्ट नव्हती. आम्ही दिवसातून चार वेळा जिने चढत होतो, आणि त्याला व्यायाम म्हणत नव्हतो. आज आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. मी स्वतः हडकुळा म्हणून ओळखला जातो. काटा माझे नेहमी कौतुकच करतो. पण त्या रविवारी आम्ही दोघांनी शिवणकामाची टेप काढली आणि माझी कंबर मोजली. ती भरली ९३ सेंटिमीटर! मुलगा हसला, आणि मग मीही हसलो. मोजायला निघालो होतो आईचा प्रश्न, आणि उत्तरात मी सापडलो.

तुम्हीही हा प्रयोग घरी करून पाहा. मोठ्या माणसांची परवानगी घ्या. सरळ उभे राहून, श्वास सोडल्यावर, बेंबीच्या पातळीवर टेप फिरवा. कंबरेचे माप उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी आहे का, ते पाहा. जास्त असेल तर चिडवू नका. डॉक्टरांकडे रक्तातील साखर तपासून घ्यायला सांगा.

आता संध्याकाळी तो मुलगा आणि त्याची आई नेरुळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यानात तळ्याभोवती चालायला जातात. परतताना ती दोघे जिन्याने वर येतात. रात्रीचे ताट आई आता बाजूला सारत नाही. तिसऱ्या मजल्यावर ती थोडी दम खाते. तोवर तो थांबतो.